पाहुणीची कपबशी

आमच्या घरी पाहुण्याने उठून माठातलं पाणी स्वतःच्या हाताने घेतलं, तरी आईला आपला अपमान झाल्यासारखं वाटायचं. पाहुण्याने बसायचं आणि घरच्यांनी उठायचं, हा तिचा कायदा. पाहुण्यांसाठी तिने फळीवर निळ्या फुलांच्या कपबश्या वेगळ्या काढून ठेवल्या होत्या. आम्ही घरचे लोक पितळी पेल्यातून नाहीतर कान तुटलेल्या कपातून चहा प्यायचो. निळं फूल ओठाला लागायला हवं असेल तर दुसऱ्याच्या घरात जन्म घ्यायला हवा होता. माझ्या वहिनीने तो घेतलेला होता. लग्न होऊन ती आमच्याकडे आली त्याला दीड वर्ष झालं, तरी तिचा चहा निळ्या फुलांतूनच यायचा.

वहिनी डेन्मार्कची. दादा अमरावतीला शेतकी खात्यात होता. सरकारने त्याला दूधदुभत्याचं शिक्षण घ्यायला तिकडे धाडलं, आणि लोणी कसं काढतात ते शिकता शिकता त्याने तिथल्याच एका डेअरीत दूध तपासणाऱ्या मुलीशी लग्न केलं. अचलपूरकडची आमची जमीन कसणाऱ्या काकांनी तेव्हा जो आकांत केला तो इथे लिहिण्याजोगा नाही. बाबांनी मात्र लवकर जमवून घेतलं. राजापेठेतल्या आमच्या ओट्यावर शेजाऱ्यांनी विचारलं, डेन्मार्क म्हणजे कुठे? बाबा म्हणाले, "इंग्लंडच्या बाजूलेच हाय." तेवढ्यावर ती सबंध पेठेच्या हिशेबी इंग्रज होऊन गेली.

तिला शुद्ध मराठी शिकवायचं काम मी अंगावर घेतलं होतं. मी कॉलेजात होते आणि मला स्वतःच्या भाषेचा फार अभिमान होता. पण वहिनी माझ्याकडून काहीच शिकली नाही. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पाटावर बसून, आईचं भाजीवालीशी आणि भांडीवालीशी चाललेलं बोलणं ऐकून ती जे शिकली, ते अस्सल वऱ्हाडी होतं. गोऱ्या तोंडून ते ऐकताना नवा माणूस दचकायचाच.

उंबऱ्याच्या आत मात्र तिला प्रवेश नव्हता. म्हणजे सोवळंओवळं काही नव्हे. ती भाजी निवडायला आली की आई ताट बाजूला घ्यायची आणि म्हणायची, "तुमी बसा बाई, तुमाले कायले तरास!" ती झाडू घ्यायला गेली की आई तो माझ्या हातात द्यायची. याचा मला जो वैताग येई तो वेगळाच.

एका संध्याकाळी आम्ही दोघी गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढत होतो. हे काम ती आईची नजर चुकवून करायची. मधेच तिने मला विचारलं, "तुमच्याकडं पाहुणी किती दिवस राह्यते?"

मी म्हटलं, "आमची एक मावशी चार महिने राहिली होती."

"मंग?"

"मग गेली."

"मंग मी बी जाईन," ती म्हणाली. "घरात कोणी काम सांगत नाई. भायेर भेटते काय पाह्यतो. नाई भेटलं त येत्या उन्हाळ्यात माह्या घरी जातो."

हे ती रागाने बोलली असती तर मी हसले असते. पण ती धोतराची घडी घालत अगदी शांतपणे बोलली. ती गेली की दादाही जाणार, आज ना उद्या, हे मला स्वच्छ दिसत होतं. मी तडक आईकडे गेले आणि तिला म्हटलं, बाई गं, त्या बिचारीला काहीतरी काम सांग. आई पोळी लाटत होती. मान वर न करता म्हणाली, "परमुलखातली पोर. आज हाय, उद्या नाई. सवय लागते माणसाची. गेली म्हंजे मंग मी काय करू?"

म्हणजे ही जाणार म्हणून आई तिला जवळ घेईना, आणि आई जवळ घेत नाही म्हणून ही जायला निघालेली. दोघींना समोरासमोर बसवून झापावं असं मला वाटलं. पण आईला झापण्याची आमच्या घरात कोणाची छाती नव्हती आणि वहिनी माझ्याहून वीतभर उंच होती. मग एकच वाट उरली. तिला काम मिळवून द्यायचं.

दूध तपासायची नोकरी तेव्हा अमरावतीत कुठली? म्हैस दारात आणून लोकांच्या डोळ्यांसमोर दूध काढून देण्याचा तो जमाना. गोऱ्या बाईने काय करावं याबद्दल गावाचं एकच मत होतं, तिने इंग्रजी शिकवावी. दादाने तिला सायकल घेऊन दिली होती. ती पुढे आणि मी मागे कॅरिअरवर, अशी आमची वरात काम शोधायला निघाली. मी वाट दाखवायला आणि अब्रू राखायला.

पहिल्या शाळेचे मुख्याध्यापक पुण्याचे होते. कडक इस्त्रीचा कोट, टेबलावर फुलदाणी. मडम आली म्हणताच ते उभे राहिले आणि त्यांनी इंग्रजीत एक लांबलचक स्वागत केलं. वहिनी ओढणीसारखा खांद्यावर ओढलेला पदर सावरत म्हणाली, "बसू काय जी? लय ऊन तपून राह्यलं बाप्पा." मुख्याध्यापकांचा चेहरा असा झाला की जणू फुलदाणीच बोलली. पुढचं सगळं बोलणं त्यांनी माझ्याशी केलं. बाईंचं इंग्रजी बरं आहे, पण उच्चार इंग्लंडचे वाटत नाहीत, आणि मराठीबद्दल तर काय बोलावं, मुलांवर परिणाम होतो. बाहेर आल्यावर वहिनीने मला विचारलं, "त्या सायेबाले माही मराठी समजत नाई काय?" मी म्हटलं, समजली म्हणूनच घोटाळा झाला.

मग एका वकिलांकडे गेलो. त्यांना मुलीसाठी शिकवणी हवी होती, पण नीट चौकशी केल्यावर कळलं की मुलीला बघायला पाहुणे येतील त्या दिवशी मडमने नुसतं पुस्तक उघडून शेजारी बसायचं होतं. वहिनी म्हणाली, बसायचं काम मला घरीच आहे.

आमची सगळी आशा अकोल्यावर होती. तिथल्या एका मुलींच्या शाळेला इंग्रजीची बाई हवी होती, आणि बाबांच्या ओळखीचे एक कापसाचे अडते त्या शाळेच्या समितीचे अध्यक्ष होते. बडनेऱ्याला गाडी बदलून आम्ही अकोल्याला पोचलो तर स्टेशनवर टांगा पाठवलेला, आणि शाळेत चक्क हार तयार. काम झालंच, असं मला वाटलं. खिडक्यांना मुली लोंबकळत होत्या. समितीने वहिनीला मधल्या खुर्चीवर बसवलं, बशीतून चिवडा आला, आणि अध्यक्षांनी कौतुकाने विचारलं, "तुमी राणीले जवळून पाह्यलं असन?"

"नाई," वहिनी म्हणाली. "आमचा राजा वेगळा हाय."

समितीत कुजबुज झाली. तिने मग डेन्मार्क कुठे, इंग्लंड कुठे, मधे समुद्र किती, सगळं चिवड्याची बशी आणि पाण्याचा पेला मांडून समजावून सांगितलं. मी टेबलाखालून तिला पायाने ढोसत होते. कोणी विचारलं नव्हतं, कोणी तपासायला येणार नव्हतं. पण खोटेपणा पुसून काढल्याशिवाय त्या बाईला चैन पडत नसे. शेवटी एक वकील सभासद सावरून बसत म्हणाले, "म्हणजे आपण इंग्रज नाही. मग इंग्रजी आपली भाषा कशी?"

"माही नाईच," वहिनी म्हणाली. "मले बी शिकाच लागली. तुमी इंग्रज हाय काय? तुमाले कशी येते?"

हार तसाच टेबलावर राहिला. परत जाताना टांगाही नव्हता. आम्ही पायी स्टेशनवर आलो, आणि सगळ्या वाटेने मी तिच्यापुढे चार पावलं चालत होते.

बडनेऱ्याला अमरावतीची गाडी सुटायला वेळ होता. बाकावर बसल्यावर वहिनी रडायला लागली. दीड वर्षात मी तिला पहिल्यांदाच रडताना पाहत होते, आणि तिला मोठ्याने रडता येतं हे मला माहीतच नव्हतं. हमाल थबकून बघायला लागले. त्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक सावळ्या, ठेंगण्या बाई पुस्तकांचा गठ्ठा मांडीवर घेऊन बसल्या होत्या. पांढरं लुगडं, कपाळ कोरं, आवाज खणखणीत. त्या सरळ म्हणाल्या, "काहून रडता बाई? कोणी मेलं काय?"

"नाई जी," वहिनी नाक पुसत म्हणाली. "कोणी काम देऊन नाई राह्यलं."

बाईंनी आधी डोळे मोठे केले आणि मग हसायला लागल्या. असं हसणं की शेवटी वहिनीलाही हसू आलं. त्या अमरावतीत मुलींचं एक बोर्डिंग चालवायच्या. त्यांची माणसं दोन-तीन वर्षांपूर्वीच बौद्ध झालेली. बोर्डिंगातल्या मुली आसपासच्या खेड्यांतून आलेल्या, बहुतेकींच्या घरात मॅट्रिकपर्यंत पोचलेलं पहिलंच माणूस म्हणजे ती मुलगी. गणित येतं, संस्कृतसुद्धा पाठ करतात, आणि इंग्रजीच्या पेपरला मार खातात, असं त्या सांगत होत्या. मग त्यांनी वहिनीला असा प्रश्न विचारला जो आतापर्यंत कोणीच विचारला नव्हता. त्यांनी ती इंग्रज आहे का ते विचारलंच नाही.

"इंग्रजी तुमी कशी शिकल्या?"

"लय तरासानं," वहिनी म्हणाली. "दोनदा नापास झाली. बाप म्हणे शाळा सोड, गाई पाह्य."

"मंग तुमीच पाह्यजे," बाई म्हणाल्या. "पोरीयनं पास झालेले मास्तर लय पाह्यले. नापास होऊन पास झालेलं कोणी दिसलं नाई त्याईले अजून."

दुसऱ्याच दिवसापासून वहिनी संध्याकाळी बोर्डिंगात जायला लागली. पहिल्या दिवशी मीही गेले. मुली चटईवर भिंतीला चिकटून बसल्या होत्या, एकीच्याही तोंडातून शब्द फुटेना. वहिनी समोर मांडी घालून बसली आणि तिने सौदा केला. "माही मराठी चुकली की तुमी हसा. तुमची इंग्रजी चुकली की मी हसन. उधारी नाई." एवढं बोलण्यातच तिचं काहीतरी चुकलं आणि मागची एक मुलगी फिस्सकन हसली. वहिनीने तिलाच पहिलं वाक्य बोलायला लावलं. त्या खोलीत पुढे जो हसण्याचा दंगा चालायचा तो ऐकून रस्त्यावरच्या माणसाला तिथे इंग्रजी चाललीय असं स्वप्नातही वाटलं नसतं. आमच्या कॉलेजात इंग्रजीच्या तासाला चिटपाखरू हलत नसे आणि आम्हाला काही येतही नसे. मी चोरून तिच्या वर्गात बसायला लागले. माझी इंटरची इंग्रजी तिथेच सुधारली, हे मी आमच्या प्राध्यापकांना कधी सांगितलं नाही.

शेजारच्या काकूंनी लवकरच आईला गाठलं. "बौद्धांच्या बोर्डिंगात जाते म्हणे तुमची मडम. चहा बी पिते तिथं?" आई म्हणाली, "पाहुणी हाय. कोठी बी पिवो." मला त्यात आईचा मोठेपणा वाटला होता. नंतर लक्षात आलं, की घरच्या माणसाबद्दल तिने असं म्हटलं नसतं. वहिनीला मात्र ते तिथल्या तिथे समजलं होतं. काम मिळालं होतं, चेहरा उजळला होता, पण घरी आली की पाट आणि निळी फुलं तयार. मार्चात परीक्षा झाली, मुली आपापल्या गावी गेल्या, बोर्डिंगला कुलूप लागलं, आणि वहिनी पुन्हा उंबऱ्याशी येऊन बसली.

त्या उन्हाळ्यात आमच्या गच्चीवर कुरडया घातल्या. साऱ्या गल्लीतल्या बायका गव्हाचा चीक घाटायला आल्या, वहिनीला आईने सावलीत खुर्ची टाकून दिली. दोन दिवसांनी वहिनीने आपली मोठी हिरवी ट्रंक माळ्यावरून काढली, पुसली, आणि उन्हात उघडी करून ठेवली. दादा मुंबईला पत्रं घालून बोटीची चौकशी करत होता. आईने ट्रंक पाहिली. त्या दिवशी तिने आमटीत दोनदा मीठ घातलं आणि सगळ्यांनी ती तशीच खाल्ली.

मग मॅट्रिकचा निकाल लागला.

भर दुपारी दारात कलकलाट झाला. मी बाहेर आले तर ओट्यावर बोर्डिंगच्या त्या बाई, आणि त्यांच्यामागे सहा-सात मुली, नवी लुगडी नेसलेल्या, हातात पेढ्यांचा पुडा. सगळ्यांना एकदम बोलायचं होतं. सगळ्याच पास झाल्या नव्हत्या, पण इंग्रजीत कोणी नापास नव्हती. नापास झालेली एक जण गणितात अडकली होती आणि तीही आली होती, कारण पेढ्यांवर तिचाही हक्क होता. "आमच्या बाई कुठं हायेत?" असं त्यांनी मला विचारलं. वहिनी आतून धावत आली, बैठकीत चटई अंथरून तिने सगळ्यांना आत घेतलं आणि त्यांच्यात जाऊन बसली. चटईवर पुन्हा तोच हसण्याचा दंगा सुरू झाला.

मी स्वयंपाकघरात गेले. आई चुलीपाशी उभी होती आणि फळीकडे बघत होती. खरं ते लिहिते. त्या निळ्या कपांतून तोवर या मुलींच्या समाजातलं कोणी चहा प्यायलं नव्हतं. त्यांच्यातलं कोणी आमच्या ओट्याच्या आत येऊन बसलंही नव्हतं. आई काय करते ते बघत मी दाराशी उभी राहिले. आईने एक मोठा श्वास घेतला, पदर खोचला आणि कपबश्या खाली काढायला सुरुवात केली. एक, एक करत सगळ्या काढल्या. फळीवर एकही उरली नाही. वहिनीचीसुद्धा त्यातच गेली. मग तिने बाहेर डोकावून पाहिलं. वहिनी मुलींच्या घोळक्यात ऐसपैस बसली होती.

"अवं!" आई ओरडली. "बसून काय राह्यली वं तिथं? तुह्ये पाहुणे आले घरी अन् तूच बसली? ऊठ! चहा टाक!"

वहिनीने आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी मान डोलावली. ती अशी उठली की चटईत पाय अडकून पडता पडता वाचली, आणि तो उंबरा ओलांडून आत गेली. चुलीपुढे तिला काय करावं हे सुचेना. डोळे भरलेले, त्यात दूध उतू गेलं. आई म्हणाली, "एवढी दुधातली शिकेल पोरगी अन् दूध उतू घालवलं!" आणि फडकं तिच्या अंगावर फेकलं. त्या फडक्यात तोंड खुपसून वहिनी हसत होती की रडत होती, मला आजही सांगता येणार नाही. मी मात्र रडत होते.

मुली निळ्या फुलांतून चहा प्यायल्या. बोर्डिंगच्या बाईंनी कप बशीवर ठेवताना आईकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "चहा चांगला झाला जी." आई म्हणाली, "सुनेनं केला. साखर जास्त पडली." वहिनी दाराआड उभी राहून कान तुटलेल्या कपातून चहा पीत होती. तोंड पोळत होतं तरी थांबत नव्हती.

संध्याकाळी दादा कचेरीतून आला. ट्रंक उन्हातून आत आली होती आणि तिला झाकण लावलेलं होतं. त्याने ती हलवून पाहिली, जड लागली. त्याचा चेहरा पडला. "भरून झाली?" त्याने वहिनीला विचारलं. वहिनीलाही काही माहीत नव्हतं. तिने झाकण उघडलं. आत गळ्यापर्यंत कुरडया भरलेल्या होत्या.

"रिकामी कायले पडू द्याची?" आई चुलीजवळून म्हणाली. "डबे पुरून नाई राह्यले."

वहिनी ट्रंकेपाशी खाली बसली. मग तिने हात घालून तळ चाचपला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "अशा कशा भरल्या जी?" ती म्हणाली. "किडे लागतीन. खाली कडुलिंबाचा पाला टाका लागते." आणि पाला आणायला ती मागच्या अंगणात गेली.